टाकीतलं पाणी

मी फक्त धूळ झटकायला घेतली होती. त्यात वाईट काय होतं, तुम्हीच सांगा.

झालं असं, की बुधवारी मुलीचा फोन आला. "बाबा, रविवारी येते. आईचा कॉम्प्युटर न्यायला. तोपर्यंत त्याला हात लावू नका."

"मी कशाला हात लावतोय?"

"तुम्हाला ओळखते म्हणून सांगते. आई रोज दुपारी त्यावर काहीतरी लिहायची. मला म्हणाली होती, मी नसेन तेव्हा वाच. पासवर्ड मला सांगून ठेवलाय. मला ते वाचायचंय."

"ये मग. जेवायला थांबणार का?"

"बघू," म्हणाली, आणि ठेवला फोन.

आमच्यात चार महिन्यांतलं सगळ्यात लांब बोलणं हेच. चूक माझीच. बायको गेली त्या दिवशी पोरगी बारा तासांची बस करून आली, आणि मी दारातच म्हणालो, "आता आलीस होय?" का म्हणालो, मला माहीत नाही. तोंड माझं असं आहे, की ते आधी निघतं आणि मी मागून पळत जातो. त्या दिवसापासून पोरगी माझ्याशी शब्द मोजून बोलते. म्हणून मला एवढंच हवं होतं, की रविवारी तिने यावं आणि एक वेळ जेवून जावं. बाकी काही नको.

गुरुवारी सकाळी आतल्या खोलीत गेलो तर कॉम्प्युटरवर बोटाएवढी धूळ. म्हटलं, पोरगी बघेल आणि म्हणेल, आई गेल्यावर घराची काय अवकळा केलीय बघा. म्हणजे रागवायला अजून एक कारण. फडकं घेतलं. वरून पुसला. पण मागे जाळी असते, त्या जाळीत फडकं जाईना.

आता माझं पंक्चरचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. दुकानात कॉम्प्रेसर आहे. तीस वर्षांत मी त्याच्या हवेने काय काय साफ केलंय, मोजता येणार नाही. कार्ब्युरेटर, पंखे, शिलाई मशीन, स्वतःचे केस. एकदा शेजारच्यांचं मांजर. (ते आता दुसऱ्या गल्लीत राहतं.) तर मी पाइप आत ओढला, कॉम्प्युटरची जाळी समोर धरली आणि मारली हवा.

धूळ निघाली. मोकळं वाटलं. अजून दाबलं. आणि धुळीच्या मागून पाणी आलं. थेंब नाही, चांगली पिचकारी.

कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं. हवेतला ओलावा दाबाने खाली बसतो. रोज सकाळी टाकीच्या बुडाचा वाल्व्ह उघडून ते काढून टाकायचं असतं. हे लहान पोरालाही माहीत असतं. पण मी मात्र तीस वर्षं चौकात सगळ्यांना सांगत आलो, की माझा कॉम्प्रेसर एक नंबर, पाणीच धरत नाही. दुसरे मिस्त्री म्हणायचे, नशीबवान आहेस.

तो पाणी धरत होता. सकाळी मी चहा पीत पेपर चाळायचो, तेव्हा बायको दुकान झाडायची. झाडता झाडता वाल्व्ह उघडायची, खाली डबा धरायची, पाणी बाहेरच्या झाडाला घालायची. मी रोज बघायचो की ती झाडाला पाणी घालतेय. ते येतं कुठून, हे तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

चार महिन्यांचं पाणी होतं. सगळं तिच्या कॉम्प्युटरमध्ये गेलं.

मी त्याचं झाकण खोललं, ट्यूब वाळत घालतो तिथे उन्हात ठेवला, दोन वेळा शिव्या दिल्या. (एकदा त्याला, एकदा मला.) संध्याकाळी आत आणून बटण दाबलं. तर तीन वेळा पीं पीं पीं करून गप्प. परत दाबलं, परत तीन वेळा. ट्रक मागे घेताना ओरडतो तसं.

मग कॉम्प्युटरचा डबा सरळ करताना बाजूला चिकटवलेला कागद दिसला. तिच्या अक्षरात. "अडलं तर इथे विचारा. फुकट आहे. भांडू नये." आणि खाली इंटरनेटचा पत्ता.

शेवटचे दोन शब्द कुणासाठी होते, ते मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

तर ही काय भानगड आहे, थोडक्यात सांगतो. बायकोच्या कॉम्प्युटरमध्ये जे चालतं ते विकत घेतलेलं नव्हतं. पोरगीच्या ऑफिसने टाकून दिलेला जुना डबा, त्यात पोरगीने हे फुकटवालं घालून दिलं. ते म्हणे कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरातले लोक मिळून बनवतात आणि कुणीही वापरावं. आणि वापरताना अडलं, तर त्यातलेच काही लोक आपापल्या घरी बसून उत्तरं देतात, तीही फुकट. मी तेव्हाच बायकोला म्हणालो होतो, "फुकट कोण कुणासाठी काय करतं? काहीतरी काळंबेरं असणार." ती हसली होती. मला वाटायचं, ती दुपारी त्यावर पत्ते खेळते.

मी मोबाईलवर तो पत्ता उघडला. आधी नाव विचारलं. माझं खरं नाव कशाला सांगू? दुकानाच्या बोर्डावर आहे तेच टाकलं, "हवा फुकट". तर म्हणे, हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय.

माझं डोकंच फिरलं. बोर्ड माझा, दुकान माझं. (बोर्डावर ते दोन शब्द घालायला बायकोने लावलं होतं. सायकलवाल्याकडून हवेचं काय घ्यायचं, म्हणाली. मी आठ दिवस भांडलो आणि मग घातलं. पण शेवटी बोर्ड माझाच ना.) मग मी नाव टाकलं, "खरा हवा फुकट".

लिहायचं मला जड जातं. चौथीपर्यंतच शाळा बघितली. पण मोबाईलमध्ये बोललं की आपोआप लिहून येतं, ते बायकोने लावून दिलं होतं. दुकानातच उभा राहून बोललो. नेमका तेव्हा एक टेम्पोवाला चाक बदलत होता. दाबून पाठवल्यावर बघतो तर असं गेलेलं:

"बायकोचा कॉम्प्युटर तीन वेळा ओरडतो आणि बंद पडतो अरे तो जॅक तिकडे नको लावू गाडी घसरेल रविवारच्या आत चालू झाला पाहिजे गाढवा आधी हँडब्रेक ओढ."

दहा मिनिटांत दोन उत्तरं. इथे लोक खरी नावं सांगत नाहीत. एकाचं नाव होतं "गंजका खिळा". त्याने लिहिलं, "स्वागत आहे. प्रश्न विचारण्याआधी सगळ्यात वर टाचलेली सूचना वाचावी. इथे कुणाला गाढव म्हणू नये. तसेच आपण घेतलेलं नाव बदलावं. त्या नावाच्या आमच्या एक जुन्या सदस्य आहेत, गोंधळ होतो."

दुसऱ्याचं नाव "तिसरा चहा". त्याने लिहिलं, "दादा, जॅक कुठला, हेडफोनचा का? हँडब्रेकचं मला कळलं नाही. पण तीन बीप म्हणजे बहुतेक मेमरीची पट्टी. बंद करून काढा, तिचे पिवळे दात खोडरबरने हलके पुसा, परत बसवा. घाई करू नका."

मी गंजक्या खिळ्याला ठणकावलं. "नाव बदलणार नाही. बोर्ड माझा आहे, त्या बाईंना सांगा बदलायला. आणि सूचना बिचना वाचायला मला वेळ नाही. उत्तर द्या."

तो म्हणाला, "सूचना वाचायला चार मिनिटं लागतात."

"मला अर्धा तास लागतो," असं काही मी सांगितलं नाही. ते कशाला सांगायचं?

आता खोडरबर. ते काय माझ्या दुकानात नसतं. आणि खरं सांगू का, मला ते पटलंही नाही. ट्यूबला पॅच लावायच्या आधी जागा घासावी लागते, तर आम्ही काय खोडरबरने घासतो? लोखंडी घासणी असते. चांगली खरखरीत. दोन पट्ट्या होत्या, पहिलीचे दात घासले तर पिवळं सगळं घासणीवर आलं आणि पट्टी पांढरी. मला आधी वाटलं, वा, काय स्वच्छ निघाली.

तिसऱ्या चहाला फोटो पाठवला. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "दादा, हे कशाने पुसलंत?"

"घासणीने."

"ती पट्टी बाजूला ठेवा. दुसरीला हात लावू नका. म्हणजे लावा, पण तुमच्या मुलांची शाळेची कंपासपेटी कुठे असेल तर त्यातलं खोडरबर घ्या. नाही सापडलं तर सांगा, मी पोस्टाने पाठवतो."

रविवार दोन दिवसांवर आणि हा पोस्टाने खोडरबर पाठवणार. पण बोलला तो मनापासून. मी माळ्यावर चढलो. पोरगीची जुनी कंपासपेटी बायकोने जुन्या साडीत गुंडाळून ठेवली होती. खोडरबर कडक झालेलं, पण होतं. दुसरी पट्टी पुसली, बसवली, बटण दाबलं. एकदाच पीं झालं आणि पडदा उजळला.

शुक्रवार दुपारची गोष्ट. मी दुकान उघडं टाकून नाचलो असतो, पण गुडघा साथ देत नाही. तिसऱ्या चहाला म्हणालो, "चालू झाला. तुमचे पैसे किती?"

"काही नाही."

"असं कसं? तुम्हाला मिळतं काय यातून?"

"तुमचं नाव हवा फुकट आहे ना दादा? तुम्ही हवेचे घेता का?"

"मी घेत होतो. बायकोने बंद केलं."

"मग त्यांना विचारा," म्हणाला.

पडदा उजळला होता खरा, पण त्यावर एक रिकामी पट्टी आणि चार शब्द होते. "कुलूप उघडण्यासाठी पासवर्ड घाला."

पासवर्ड पोरगीकडे होता. पण तिला विचारायचं म्हणजे सांगायचं, की मी हात लावला. त्यापेक्षा आपण ओळखू. पहिल्यांदा मी माझं नाव टाकलं. (हसू नका.) मग माझं नाव वडिलांच्या नावासकट. मग लाडाचं नाव, म्हणजे ती मला कधी लाडाने हाक मारेल तर काय मारेल, ते. मग पोरगीचं, मग मेलेल्या कुत्र्याचं, मग दुकानाचा फोन नंबर. एकही लागेना. तीस वर्षं एका घरात राहिलो, तिच्या डोक्यात कुठला शब्द पहिला येत असेल, हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी फोरमवर गेलो. (ती जागा फोरम. आणि तिथल्या प्रश्नाला ते धागा म्हणतात, हे मला आता कळलंय.)

"कुलूप लागलंय. पासवर्ड सांगा."

गंजका खिळा म्हणाला, "तो आम्हाला माहीत नसतो. कुणालाच नसतो. आतली सगळी डिस्क कुलपात आहे. ज्याने कुलूप घातलं त्यालाच माहीत."

"जिने घातलं ती चार महिन्यांपूर्वी वारली," मी लिहिलं. बोलून नाही, बोटाने लिहिलं. दुकानात गिऱ्हाईक होतं.

मी वाट बघितली. पाच वाजले, सहा वाजले. मग फक्त तिसऱ्या चहाचं आलं, बरंच लांब. "दादा, फार वाईट वाटलं. थोडं थांबा. उद्या सकाळी बोलू. घरातल्या कुणाला पासवर्ड माहीत असेल तर विचारा. आणि तोपर्यंत एक गोष्ट मात्र" इथपर्यंत वाचलं. पुढे अजून पाच ओळी होत्या. लांब दिसलं की माझं डोकं तापतं. म्हटलं, आले रडायला. मेल्याचं ऐकलं आणि पळाले. फुकटचं शेवटी फुकटचंच.

शनिवारी सकाळी उठलो तेव्हा रागातच होतो. तिच्या टेबलाच्या खणात शोधाशोध केली, कुठे पासवर्ड लिहून ठेवलाय का. तो नव्हता. एक पेन ड्राईव्ह होता, त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, "नव्याने घालायचं".

आता माझं डोकं कसं चाललं, ते ऐका. दुकानाचं कुलूप बिघडलं तर आपण काय करतो? कुलूप तोडतो आणि नवं घालतो. आतला माल जिथल्या तिथे राहतो. वाल्व्ह खराब झाला तर वाल्व्ह बदलतो, ट्यूब फेकत नाही. मग नव्याने घालायचं म्हणजे काय? नवं कुलूप. सोपं आहे.

पेन ड्राईव्ह घातला. पडद्यावर एकेक पान आलं. मी पुढे, पुढे, पुढे दाबत गेलो. एका पानावर तीन गोष्टी लिहिल्या होत्या, त्यातली पहिली, "डिस्क पूर्ण पुसून नव्याने घाला". मी म्हटलं, पुसा. मी गुरुवारपासून तेच करतोय. दाबलं.

पंधरा-वीस मिनिटांत झालं. आणि काय सुंदर चालू झाला म्हणून सांगू. पडद्यावर निळं आकाश, कुलूप नाही, पीं नाही, काही नाही. मी त्याच उत्साहात फोरमवर बोललो, "माझं मी केलं. नव्याने घातलं, कुलूप गेलं. तुमची गरज नाही."

मग परत कॉम्प्युटरकडे बघितलं. निळ्या आकाशावर एक चौकट आली होती. "स्वागत आहे. तुमचं नाव काय?"

मी तिच्या फायली शोधल्या. एक खोकं होतं त्याच्यावर लिहिलेलं, कागदपत्रं. उघडलं, रिकामं. चित्रं, रिकामं. सगळी खोकी नवी कोरी आणि रिकामी, दुकान उघडलं त्या दिवशी होती तशी.

मोबाईल वाजला. तिसरा चहा. "दादा, पुसलंत का?"

"पुसलं. आतलं कुठे गेलं?"

"कालच्या माझ्या उत्तरात खाली लिहिलं होतं, नव्याने घालू नका, सगळं जाईल."

"मी खालचं वाचलं नाही. आता परत आणता येईल ना? तुम्ही हुशार लोक आहात."

त्याने सरळ लिहिलं. "साधी डिस्क असती तर खटपट केली असती. ही कुलपाची होती. तुम्ही कुलूप नाही तोडलं, दादा. आतल्या मालासकट पेटी वितळवली. नाही येणार परत. मला माफ करा."

तो मला म्हणत होता, माफ करा.

मी बाहेर दुकानात येऊन बसलो. एक सायकलवाला आला, हवा भरून गेला. मी उठलो पण नाही, त्याने त्याची भरली. मग गंजक्या खिळ्याचं आलं, पहिल्यांदाच नियमबियम न सांगता.

"एक विचारू का? तुमच्या दुकानाच्या बोर्डावर शेवटचं अक्षर रंग ओघळून खाली आलंय का? आणि बोर्डाखाली निळी बादली असते?"

मी वर बघितलं. मग खाली बघितलं. बादली निळीच आहे, पंक्चर बघायची.

"तुम्हाला कसं माहीत?"

त्याने एक फोटो पाठवला. माझ्या दुकानाचा. बायकोने काढलेला, रस्त्यापलीकडून. बोर्ड, बादली आणि खाली कुणाच्या तरी सायकलवर वाकलेला मी, तोंड उघडं, म्हणजे ओरडतच असणार. म्हणाला, "हा हवा फुकट ताईंचा फोटो. नावासमोर त्या हाच लावायच्या. चार महिने त्या आलेल्या नाहीत. तुम्ही काल वारली लिहिलंत, तेव्हा आम्ही दोघं-तिघं आपापसात बोलत राहिलो, की तुम्हाला कसं विचारावं. त्यातच रात्र गेली. लगेच विचारलं असतं तर तुम्ही थांबला असता."

मी म्हणालो, "नसतो थांबलो." खरं तेच होतं.

"सहा वर्षं त्या इथे उत्तरं देत होत्या," त्याने लिहिलं. "तेराशेच्या वर. कुणी नवीन माणूस चिडून, शिव्या देत आला, की आम्ही त्यांच्याकडे पाठवायचो. त्या म्हणायच्या, द्या इकडे, मला सवय आहे. मी इथे पहिल्यांदा आलो तेव्हा खूप वाईट बोललो होतो. त्यांनी माझा प्रिंटर चालू करून दिला आणि विचारलं, जेवलात का? मला त्या वर्षात तसं दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं." मग जरा वेळाने, "वरची सूचना वाचा, दादा. ती त्यांनीच लिहिलीय."

मी नाही वाचली. उघडली, पहिली ओळ बघितली आणि बंद केली. एकट्याने वाचवेना.

रविवारी अकराच्या बसने पोरगी आली. पिशवी खाली ठेवली, आतल्या खोलीत गेली. मी दारात उभा.

"लखलखीत केलात की," म्हणाली.

मनात कालपासून जुळवून ठेवलं होतं, असं सांगू, तसं सांगू. तोंडाने परत आपलंच केलं. "पुसलं. तुझ्या आईचं सगळं पुसलं मी. आत काही नाही."

ती खुर्चीवर बसली. आईच्या खुर्चीवर. ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याचं मला कळतं.

"पासवर्ड काय होता?" मी विचारलं.

"आता काय करायचाय?"

"सांग तरी."

"टाकीतलं पाणी," म्हणाली. "मी विचारलं होतं, हा काय पासवर्ड झाला? तर म्हणाली, तुझ्या बाबांना जन्मात ओळखता यायचा नाही."

मोबाईल काढून तिच्या हातात दिला. "हे वाच. मोठ्याने वाच. मला भराभर येत नाही."

तिला माहीत होतं, की आई फोरमवर प्रश्न विचारते. उत्तरं देते हे माहीत नव्हतं. ती वाचायला लागली. मला त्यातलं बरंच आता पाठ आहे.

"नवीन आलेल्यांनो, बसा. आधी पाणी प्या. मशीन तुमच्यावर रागावलेलं नाही, तुम्ही त्याच्यावर रागावलाय. काय बिघडलं ते सांगा, कुणामुळे बिघडलं ते इथे कुणी विचारणार नाही. खोडरबर म्हटलं तर खोडरबरच घ्या, घरात त्याहून चांगलं काही सापडलं तरी."

पोरगी थांबली. "घासणी घेतलीत का?"

"एकाच पट्टीला."

तिच्या ओठाचा कोपरा हलला. पुढे वाचलं. "एखादं बटण पहिलं दिसतं म्हणून ते पहिलं दाबायचं नसतं. लांब उत्तर असेल तर शेवटपर्यंत वाचा, कामाचं बहुतेक खाली असतं. कॉम्प्युटरवर टायरच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. टाकीत पाणी असतं. ते रोज कुणीतरी काढतं, म्हणून तुम्हाला दिसत नाही."

इथे तिने मोबाईल खाली ठेवला. मग मोबाईल मी घेतला. पुढचं मी वाचलं, एकेक अक्षर लावत, मला वाचता येतं तसं.

"इथे उत्तर देणारे आपापली कामं सांभाळून देतात. फुकट आहे म्हणून हलकं समजू नका. आणि काम झालं की गप्प निघून जाऊ नका. दोन शब्द बोला. आमच्या घरी एक माणूस आहे, मनाने वाईट नाही, पण हे दोन शब्द त्याला अजून जमलेले नाहीत. त्याच्यासाठीही इथे जागा आहे. तो येईल तेव्हा त्याला सांभाळून घ्या."

सूचनेखाली कालपासून लोकांनी वेगळा धागा काढला होता. कुणी लिहिलेलं, माझ्या कॉम्प्युटरचा आवाज येत नव्हता, ताईंनी तीन दिवस खपून आणला. दुसऱ्या कुणी, माझ्या आईचे फोटो त्यांनी वाचवले. माझा प्रिंटर. माझं इंटरनेट. दोनशेच्या वर माणसं, एकालाही मी ओळखत नाही. पोरगी वाचत होती, मी ऐकत होतो. दुपारी तिने स्वतःच उठून भात टाकला. मी काही बोललो नाही, बोललो असतो तर बिघडवलं असतं.

जेवल्यावर मी मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसलो. तिच्या सूचनेवर गेलो, आणि बोटाने, एकेक अक्षर करत, "धन्यवाद" लिहिलं. पाच वेळा खोडलं. त्यातलं जोडाक्षर अवघड आहे. मग पाठवलं.

लाल अक्षरात आलं, "ही सूचना बंद केलेली आहे. इथे उत्तर देता येत नाही. काही सांगायचं असल्यास नवीन धागा काढावा."

तीस वर्षांत ती शेवटचं बोलली आणि मला उलट काही बोलता आलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. तेही मी पहिल्यांदाच बरं बोलायला गेलो तेव्हा. पोरगीने मागून येऊन पडदा बघितला आणि हसायला लागली. चार महिन्यांत पहिल्यांदा हसली. हसता हसता रडलीही, पण संध्याकाळची बस तिने सोडली.

आज सकाळी तिच्या आधी उठलो. दुकान झाडलं. डबा घेतला, टाकीखाली धरला आणि वाल्व्ह उघडला. पाणी आलं, पण डब्यात एक थेंब नाही. सगळी पिचकारी माझ्या अंगावर, लेंगा कंबरेपासून खाली गंजाच्या पाण्याने लाल. पोरगी दारात चहा घेऊन उभी होती. वाल्व्ह उघडताना कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे काही सूचनेत लिहिलेलं नाही. आता नवीन धागा काढावा लागणार.